मिरची न झोंबणारे आप्पा

नंदुरबार स्टेशनवरून निघालेली रिक्षा मिरचीच्या पथारीजवळ आली आणि मला ठसका लागला. मैदानभर लाल मिरची वाळत होती. आप्पा आठवले. वडिलांचे हे काका महायुद्धात बॉम्ब टाकणारं विमान चालवून आलेले. सात वर्षांची असताना इथंच मी त्यांना विमानाबद्दल विचारलं होतं, "आप्पा, इमानमाईन जमीन कशी दिखे?"

मिरचीकडे बघत ते म्हणाले, "बॉम्ब टाका का, गाव आसंच लाल दिखे, बेटा."

"मंग?"

"मंग घर येवानं, जेवानं."

भोवती सगळ्यांचे डोळे वाहत होते, आप्पांचे तेवढे कोरडे. विमानवाल्यांना मिरची झोंबत नाही, असं दुसऱ्या दिवशी मी वर्गात फुशारकीनं सांगितलं.

आज ते आठवलं आणि डोळे पुसायला काढलेला रुमाल मी परत पर्समध्ये ठेवला आणि डोळे वाहू दिले.