चौथा कोपरा

"धू तो बाक. नुसता पुसू नकोस, धू."

एवढं बोलून साहेब पाठ फिरवून उभा राहिला. माझ्याकडं बघायचंही त्याला नको होतं. बाक म्हणजे रेल्वेच्या ट्रॉलीवरचा लाकडी बाक. साहेब रूळ तपासायला निघाला की त्यावर बसतो, डोक्यावर छत्री असते, आणि आम्ही मागून ढकलत पळतो. रुळावरून. अनवाणी, कारण बूट घसरतात. त्या दिवशी साहेब पूल बघायला खाली उतरला होता. वैशाखातला तापलेला रूळ. तळव्याला फोड आलेला. मी छत्रीच्या सावलीत बाकावर जरा टेकलो. एवढाच गुन्हा.

पाणी कुठलं? आम्हा चौघांच्या पिण्याच्या कॅनमधलं. तेच ओतायला लावलं. साहेबाची बाटली वेगळी, ती त्यानं काखेत धरली होती. मी बाक धुतला. हो, धुतला. नोकरी नवी होती, अजून पक्की झाली नव्हती, आणि ती पक्की होणार का नाही हे त्याच्याच शेऱ्यावर होतं. पाणी खडीत मुरून गेलं. माझी जीभ टाळूला चिकटली होती.

पहिल्या दिवशी हाच माणूस किती गोड बोलला होता! आमच्या सरहद्दीवर हापिसात कन्नड चालते, तेलुगू चालते, हिंदी चालते. मराठी बोलणारा भेटला म्हणून तो हरखला. "आपलाच गाववाला की रे!" गाव विचारलं. मी ठाणाकुशनूर सांगितलं. मग म्हणाला, "कोणत्या गल्लीतला?" मी सांगितलं. गाववाला तिथंच मेला. दुसऱ्या दिवसापासून मला नाव नव्हतं, नुसतं "ए".

माझ्या घराण्याला रेल्वे काही नवी नाही. निजामाच्या राज्यात इकडं रूळ पडले तेव्हा पणजोबांनी भरावावर मातीच्या पाट्या टाकल्या. आजोबा रूळ राखणाऱ्या गँगमध्ये खडी ठोकायचे. त्यांनी धम्म घेतला, घरातले देव काढले, पण गँगच्या माठाला हात लावायचा हक्क काही मिळाला नाही. वरून ओतलेलं पाणी ओंजळीतच प्यायचं. मग बाप लागला. तेव्हा डब्यांचे संडास खाली उघडे असायचे. सगळ्या मुलखाची घाण रुळावर, आणि बाप त्यातून अनवाणी ट्रॉली ढकलायचा. घरी आला की न्हाणीत राखेनं पाय घासत बसायचा. घासत राहायचा. माय ताट वाढून थांबायची.

आता डब्यांखाली टाक्या आल्या, नव्या लाईनी आल्या, विजेच्या तारा आल्या. आमचा अर्धा मुलूख एका झोनला, अर्धा दुसऱ्या झोनला. एकीकडचा हुकूम दुसरीकडं चालत नाही. पण ट्रॉलीवर कोण बसणार आणि मागं कोण पळणार, यावर कुठल्याच झोनचा वाद नाही.

बाक धुताना मला बापाचे पायच दिसत होते. त्या पायांना लागलेल्या घाणीचा यांना कधी विटाळ झाला नाही. माझ्या टेकण्याचा झाला. साहेब बसायला पुढं आला. मानेवर तेल चमकत होतं, तोंडात पान. त्यानं पिचकारी मारली ती नेमकी रुळावर, जिथं मला पाय ठेवायचा होता. त्याची शिसारी आली, आणि बाक धुणाऱ्या माझ्या हातांचीही आली.

तेवढ्यात पुढं वळणावर लाल झेंडी घेऊन उभा असलेला आमच्यातला शेखचाचा ओरडत पळत आला, "गाडी आयी रे, मालगाडी!"

गाडी आली की ट्रॉली उचलून रुळाबाहेर ठेवायची. चार कोपऱ्यांना चार माणसं. चाचा, अप्पा, औरादकडचा एक तेलुगू बोलणारा गडी आणि मी. उचलली, खाली खडीवर ठेवली. मालगाडी धडधडत गेली. धूळ बसली.

"चढवा," साहेब म्हणाला.

तिघं वाकले. मी वाकलो नाही.

"ए, तुला काय झालं?"

"गाडी यायली होती म्हणून उतरवायला हात लावलो साहेब. आता तुमाला बसायचंय. आता लावत न्हाई. मी टेकलो तर बाक बाटतोय, मग ह्याच हातानं ढकलल्यालं कसं चालायलंय तुमाला?"

"नोकरी पक्की व्हायची आहे तुझी. विसरलास?"

"न्हाई विसरलो."

अप्पा माझ्या कानाशी आला. कपाळावर विभूती, निवृत्तीला टेकलेला म्हातारा. "सोड की लेकरा. कामून आपल्याच पोटावर पाय द्यायलास?" रोज सकाळी लिंगायत संतांची वचनं म्हणणारा, सगळी माणसं एक म्हणणारा अप्पा. बाक धुताना तोही तिथंच उभा होता. मला त्याचा साहेबापेक्षा जास्त राग आला.

तिघांनी जोर लावला. तीन कोपरे उठले, चौथा खडीत रुतून बसला. चौथा कोपरा रिकामा होता. साहेबाचे दोन्ही हात रिकामे होते. त्यानं त्या कोपऱ्याकडं पाहिलं. माझ्या तळहाताचा घाम अजून तिथं ओला होता. त्यानं हात लावला नाही. ट्रॉलीवरची छत्री उपसली आणि उन्हातून, रुळांखालच्या स्लीपरांवर ठेचकाळत, स्टेशनाकडं चालत गेला. एवढा विटाळ! उन्हात मरेल, पण शिवणार नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. मेमो मिळाला, शेरा वाईट पडला, नोकरी पक्की व्हायला उशीर झाला, बदली घरापासून लांबच्या गँगमध्ये झाली. साहेबाला बढती मिळाली. अप्पा निवृत्त झाला.

नव्या जागी नवा साहेब. पहिल्याच दिवशी गाव विचारलं, आणि हसत म्हणाला, "कोणत्या गल्लीतला?"

मी गल्ली सांगितली. पुढचंही तिथल्या तिथं सांगून टाकलं.

"गाडी यायली असंल तर माझा कोपरा मी उचलीन साहेब. ज्याला माझा विटाळ हाय, त्याला बसवायला उचलणार न्हाई."