चौथ्या रिळाचं शेपूट

थिएटर बंद पडून बारा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना ऑपरेटर म्हणूनच ओळखत. माणूस भला, पण आपल्या मतावर भारी विश्वास. एक जुना काळापांढरा खूनपट त्यांनी तीनशे वेळा तरी प्रोजेक्टरच्या यंत्रावर चढवला होता. त्यातल्या नायिकेबद्दलचा त्यांचा निकाल पक्का होता: नवऱ्याला संपवून दुसऱ्या भल्या माणसाला फासावर पाठवणारी कैदाशीण.

रविवारी सकाळी फिल्म क्लबाने वाचनालयात तोच सिनेमा ठेवला. कुठूनशी अख्खी, धडधाकट प्रत मिळाली होती. ऑपरेटर पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले खरे, पण जिवाला स्वस्थता नव्हती. चार दिवसांपूर्वी मुलगी सासर सोडून आली होती. "बाबा, त्या दिवशी काय झालं..." एवढंच ती बोलली.

"पुढचं नको मला," त्यांनी तिथंच तोडलं. "जावई सोन्यासारखा आहे. सिनेमातल्या बायकांची नाटकं इथं नकोत."

आज बारा वाजता जावई तिला न्यायला येणार होता. तिने बॅग भरली होती. एक शब्दही न बोलता भरली, हेच त्यांना सकाळपासून टोचत होतं.

चौथं रीळ संपत आलं. इथं नायिका नायकाकडे वळते, की लगेच शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर पुढचं रीळ. ते यंत्र सुरू करायला ऑपरेटरांचा हात आपसूक उचलला गेला. पण दृश्य संपलंच नाही. ती म्हणाली, "माझा नवरा माझ्याशी कसा वागायचा, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

नायकाने सिगारेट पेटवली. विचारलं नाहीच.

ऑपरेटरांना आपली कात्री आठवली. रिळाचं शेपूट घासून घासून फाटतं. ते कात्रीने फाटका तुकडा उडवायचे आणि त्याच्या थोडं आधी रीळ बदलायची नवी खूण करायचे. आज वीतभर, महिन्याने हातभर. तेवढ्याने काय बिघडतं? प्रत नवी होती तेव्हा हे वाक्य असणारच, पण त्या क्षणी त्यांचं लक्ष कायम दुसऱ्या यंत्राकडे असे. तिची बाजू त्यांनीच कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, आणि वर तिला शिव्याही घातल्या होत्या.

ते उठले. क्लबाचा चिटणीस मागे धावला, "अहो, तुमचा सत्कार राहिलाय."

"राहू दे."

घरी जावई आधीच येऊन चहा पीत बसला होता. मुलगी बॅग घेऊन दाराशी उभी.

"या बाबा. मी काय म्हणतो, तिचा स्वभाव जरा..."

"तुमचं फोनवर तीनदा ऐकलंय, जावईबापू." ऑपरेटरांनी खुर्ची ओढली आणि मुलीसमोर बसले. "मी तुला मध्येच तोडलं. चुकलं माझं. आता सांग."

"आता कशाला? बॅग भरलीय मी."

"भरलेली असू दे. सांग."

"वेळ लागेल."

"लागू दे. पहिल्यापासून सांग. मी उठत नाही."

तिने बॅग खाली ठेवली आणि बाहीचं बटण काढायला लागली.

"आम्हाला उशीर होतोय, बाबा," जावई म्हणाला.

ऑपरेटरांनी मान वळवली नाही. बाही कोपरापर्यंत वर गेली. ऐन उन्हाळ्यात चार दिवस ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालून घरात वावरत होती, आणि तेही त्यांनी पाहिलं नव्हतं.