हातमोज्यातली जादू

पत्रकात ‘मी’ नसतो, हे मला बायकांच्या संघटनेत पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. ‘आम्ही’ असतं, ‘आमची मागणी’ असते, आणि खाली सहीच्या जागी ‘जागरूक भगिनी’. मी पाण्यावर लिहिलं, हुंड्यावर लिहिलं, रॉकेलच्या रांगेवर लिहिलं. नव्वदीची सुरुवात होती, डोंबिवली पूर्वेला राहायचो, मी बावीस वर्षांची होते आणि माझी वाक्यं आखूड नि टोकदार असायची. त्यामुळे मुलींना बिघडवणाऱ्या इंग्रजी प्रेमकथांविरुद्ध पत्रक काढायचं ठरलं, तेव्हा बैठकीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं ठीक आहे, पण आधी वाचायला लागतील.

गल्लीच्या टोकाला एका काकूंची लायब्ररी होती. एकच गाळा. पुढे दिवाळी अंक आणि मराठी कादंबऱ्या, मागच्या भिंतीला रद्दीतून उचललेली इंग्रजी पुस्तकं. मी तीन मागितली तेव्हा काकूंना वाटलं माझं लग्न ठरलं. दोन अगदी टुकार निघाली, माझं काम सोपं करणारी. उरलेल्या एकाने माझी वाट लावली.

त्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं लंडन होतं. राजा वेडा झालाय, त्याचा मुलगा कारभार बघतोय, आणि श्रीमंतांच्या घरी मेणबत्त्यांच्या उजेडात नाच चाललेत. इथपर्यंत मी वहीत मुद्दे काढत होते. एवढ्या मेणबत्त्यांचा पैसा कुठला? ह्याच सुमारास ह्यांनी इकडे पेशवाई बुडवली, ते नाही कुठे लिहिलंय. पण त्या लंडनात जादू होती. काही बायकांच्या हातात ती जन्मापासूनच असायची. त्यांनी नुसतं बोट लावलं की विझलेली वात पेटायची, गोठलेलं तळं सुटायचं. म्हणून कायदा असा, की अशा मुलीनं कायम हातमोजे घालायचे. ते काढायला परवानगी लागायची, लग्नाआधी बापाची आणि लग्नानंतर नवऱ्याची. लग्नात सही झाली की तिची जादू सातबाऱ्यासारखी त्याच्या नावावर चढायची.

मी मुद्दे काढायचे थांबले.

नायिका अशीच हातमोजे घातलेली, आणि पुढे नौदलातला एक लंगडा कप्तान येतो. बाकीचे पुरुष तिचा हात धरून तिला नाचायला ओढतात. हा दोन पावलं लांब उभा राहून विचारतो, तुमचा हातमोजा काढू का, नको असेल तर नको. ती म्हणते, नको. तो मान लववतो आणि तिथेच उभा राहून तिच्याशी समुद्राबद्दल बोलत राहतो. एवढंच. ते पान मी किती वेळा वाचलं त्याला हिशेब नाही. त्याच महिन्यात मला बघायला एक जण आलेला. लग्नानंतर हिचे मोर्चे चालू राहणार का, हे त्यानं माझ्या वडलांना विचारलेलं. मी समोर पोह्यांची बशी घेऊन उभी होते.

गोष्ट तीन भागांत होती. दुसरा मी लगेच नेऊन वाचला, तिसरा कुणा मेंबरकडे होता. हा मेंबर माझ्या आधी दोन्ही भाग वाचून गेलेला, हे मला कळलं कारण लायब्ररीत तशी पद्धतच असते. वाचलेलं पुस्तक चुकून परत नेऊ नये म्हणून प्रत्येक जण ठरलेल्या पानावर आपली खूण करतो. कुणी फुली मारतं, कुणी घरनंबर टाकतं. ह्या माणसानं दोन्ही भागांत पन्नासाव्या पानावर छोटा मासा काढलेला. आणि कप्तानाच्या त्या प्रश्नाखाली पेन्सिलीची बारीक रेघ.

तो पुरुष आहे असं मी धरूनच चालले. का, ते विचारू नका. मला तो हवा होता. ह्या गावात एक तरी पुरुष असा आहे, जो ‘नको असेल तर नको’ ह्या शब्दांखाली रेघ मारतो, एवढ्यावर मी दोन महिने काढले. स्टेशनच्या पुलावर समोरून येणाऱ्यांच्या खिशाला पेन्सिल दिसते का बघायचे. संघटनेत हे कळलं असतं तर माझ्यावरच पत्रक निघालं असतं.

आणि तरी मी ते पत्रक लिहिलं. तारीख आली, टायपिंगवाली बसून होती, आणि मला तसं लिहिता येत होतं. दुसरं कारण नाही. ‘ही पुस्तकं वाचणाऱ्या बायका जागेपणी झोपलेल्या असतात,’ हे माझंच वाक्य. सगळ्यांना फार आवडलं. आम्ही ते बाजारात वाटलं, पुलाखाली वाटलं, सोसायट्यांच्या फळ्यांवर चिकटवलं.

दोन आठवड्यांनी तिसरा भाग आलाय का बघायला गेले तर लायब्ररीची मागची भिंत मोकळी. वरच्या मजल्यावरचे काका पत्रक घेऊन येऊन भांडून गेलेले, आणि काकूंनी सगळं इंग्रजी किलोवर देऊन टाकलेलं.

“कुणा बायकांनी काढलंय गं,” काकू म्हणाल्या. “वाचलंस का? लिहिलंय मात्र छान मेलीनं.”

मी हो म्हटलं आणि बाहेर आले. पुढचे तीन रविवार कल्याणची रद्दीची दुकानं आणि ठाण्याच्या फुटपाथवरचे ढीग उपसले. तिसरा भाग नव्हता. मग डोक्यात आलं, तो भाग मेंबरकडेच असला तर भिंतीबरोबर गेलाच नसेल. काकू मेंबरचं नाव सांगेनात. तसा त्यांचा नियमच होता, आणि तो त्यांनी पाळला. पण चिठ्ठी पोचवते म्हणाल्या. उत्तर आलं, रविवारी अकरा वाजता लायब्ररीत. त्या उत्तराखाली मासा होता.

मी इस्त्रीचा ड्रेस घातलेला. खरं तेच सांगतेय.

आली ती चाळिशीची बाई. माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, कोळीवाड्यातलं. इस्पितळात नर्स, राहायला ठाकुर्लीला. इंग्रजी नर्सिंग शिकताना आलेलं आणि नंतर ह्या पुस्तकांनी वाढवलेलं. दोन महिने ज्याच्याशी मनात बोलत होते तो माणूस नव्हताच कुठे. तिनं पर्समधून माझं पत्रक काढलं, चार घड्या घातलेलं.

“हे कुनी लिवलं, म्हाईत हाय तुला?”

खाली सही नव्हती. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं.

“मी,” मी म्हटलं.

“मग ऐक बाय. मी बारा-बारा तास उभी असते वार्डात. जागेपनी झोपायला मला टायम कवा भेटतो, ते पन लिव.”

पुस्तक तिच्याकडे होतं. काकूंनी भिंत विकल्याचं कळल्यावर तिनं ते परत केलंच नव्हतं. देते म्हणाली, पण आधी लिहिलेलं मोडून काढ, आणि आपल्या नावानं.

नवं पत्रक काढू द्या म्हणून मी संघटना चालवणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पत्रकात ‘मी’ नसतो, वैयक्तिक आवडीनिवडीला संघटनेचं छपाईचं यंत्र मिळणार नाही, म्हणाल्या. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मग मी बाहेरून छापून घेतलं. त्यात एवढंच: मी ही पुस्तकं वाचते. मागचं पत्रक मी लिहिलं, आणि वाचायच्या आधीच काय लिहायचं ते ठरवलेलं. त्यातल्या बायका कशासाठी भांडतात ते वाचा आणि मग बोला. खाली नाव, पत्ता. काकूंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मेली तूच होय.” ज्यांच्यासोबत रोज चहा प्यायचे त्या दोघी जणी मला बैठकीचा निरोप द्यायचं विसरायला लागल्या. आई म्हणाली, आता कुठलं स्थळ येतंय.

पुस्तक मिळालं. एका सकाळी, गॅलरीत बसून वाचलं. नायिका कायद्याचं दप्तर जाळते आणि हातमोजे स्वतः काढते. कुणाला न विचारता. पण कप्तानाचं जहाज लढाईवर गेलेलं असतं, ते परत येत नाही. शेवटच्या पानावर ती समुद्राकाठी उघड्या हातांनी उभी असते.

माझं डोकं फिरलं. तशीच चालत ठाकुर्लीला गेले. ती दुपारपाळीला निघायच्या तयारीत होती, केसांत पिना खोचत होती.

“हे काय लिहिलंय?” मी दारातूनच सुरू झाले. “जादू ठेवली तर माणूस काढून घेतला. काय अडलेलं त्या लेखिकेचं?”

“तुला काय पायजे व्हतं?”

पत्रकात मागण्या मी आकडे घालून लिहायचे, एक, दोन, तीन. ही मागणी मी कधी कुठे मांडली नव्हती, स्वतःशीसुद्धा नाही.

“दोन्ही,” मी म्हटलं. “हात मोकळे पाहिजेत, आणि विचारणारा पण पाहिजे.”

मला वाटलं ती हसेल. आतून तिचा नवरा विचारत होता, माझा डबा कुठाय. कट्ट्यावर, तिनं न वळता सांगितलं. मग शेवटची पिन खोचली.

“मला पन,” ती म्हणाली.

आम्ही बरोबरच निघालो. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. दोघी थांबलो. उघडलं तेव्हा तिला उशीर झालेला, ती भराभर पुढे गेली.