मामेबहिणीची पहिली पुळी

मला जळवण्यासाठी देवाने एक माणूस खास घडवलं होतं आणि ते नेमकं माझ्याच आजोळी, शिरोड्याला ठेवलं होतं. माझी मामेबहीण! माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. आम्ही दोघी तेव्हा सतराव्या वर्षात होतो. माझ्या तोंडावर पुळ्यांना नवीन जागा मिळत नव्हती, आणि तिचे गाल मात्र शहाळ्यातल्या मलईसारखे. मी आंबा सोडला, काजू सोडले, जायफळ उगाळून उगाळून सहाण झिजवली. ही बाई तळलेला बांगडा खाऊन तीच बोटं गालाला पुसायची, डोक्यावर वाटीभर खोबरेल थापून उशीत तोंड खुपसून झोपायची आणि सकाळी कपड्यांच्या साबणानं तोंड धुऊन लखलखीत होऊन बसायची. देवळातल्या बायका या पोरीची हनुवटी कौतुकानं धरून म्हणत, "काय गो चेडवाचा तोंड!" आणि मग माझ्याकडे वळून, "तू पोट साफ ठेव हां."

मे महिन्यात ती आमच्याकडे कसालला चार दिवस राहायला यायची. पिशवी खाली ठेवायच्या आधी मला दारातल्या उजेडात ओढायची आणि बोट लावून पुळ्या मोजायची. "सतरा! गेल्या खेपेक बाराच होत्यो." मोठ्या पुळ्यांना तिनं आमच्या आत्या-काकवांची नावंसुद्धा दिली होती. वर चौकशी, "येवच्या आधी कळता काय गो? खाजता? दुखता?" एकदा तर तिनं आपला गाल माझ्या गालावर खसाखसा घासला. मी ढकलून दिलं तर म्हणाली, "माका लागता काय बघतंय." ही माझी थट्टा करते, अशी माझी पक्की खात्री होती.

त्या वर्षी कुडाळला आम्हा दोघींचा फोटो काढायचं ठरलं. फोटोवाल्यानं तिला पुढे स्टुलावर बसवलं आणि मला म्हणाला, "तू जरा मागे, सावलीत." घरी येईपर्यंत मी राग धरून ठेवला. मग विहिरीवर तिला गाठलं. "तुका काय कळतला? लाकडाची बावली तू! तुका कधी काय होणाच नाय!"

एरवी कशालाही खिदळणारी ती कठड्यावर मटकन बसली.

"खरांच काय होणा नाय," ती हळू म्हणाली. "पाळी पण येवक नाय अजून. आयेन सांगलेला, कोणाक सांगू नको. तुका आधी पुळ्यो इल्यो, मगे पाळी इली. माका वाटला, एक पुळी इली काय बाकीचा पण येतला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात जरासं बरंही वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते. मी आईला सांगितलं. आई मामीला आणि तिला घेऊन कुडाळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, मीही गेले.

बाई म्हणाल्या, "वयात येताना शरीरात हार्मोन वाढतात. त्यांनी कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जाग्या होतात, छिद्रं बुजतात, पुळ्या येतात. हिचं सगळंच उशिरा चाललंय. तपासणीत दोष काही दिसत नाही. थोडं थांबू, पण मला दाखवत राहा." मग माझ्याकडे बघून हसल्या. "आणि तुझं पोट बिचारं निर्दोष आहे."

मामीनं घरी जाऊन मामाला सांगितलं, "चेडवाच्या अंगातली हार्मोनियम अजून वाजणा नाय."

दिवाळीनंतर एका सकाळी ती न कळवता दारात उभी. हनुवटीवर एक लालबुंद पुळी. "बघ!" ती ओरडली आणि मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आणि ता पण." आम्ही दोघी ओसरीवर रडलो. रडतारडता माझ्या लक्षात आलं, हिला मेलीला पुळीसुद्धा शोभून दिसतेय!

पुढच्या मे महिन्यात ती चार दिवसांसाठी आली आणि दुसऱ्याच दिवशी मामा न्यायला आला. तिला बघायला सावंतवाडीची माणसं येणार होती. तिनं मुकाट्यानं पिशवी भरली, आईच्या पाया पडली. "जातंय गो," म्हणताना तिनं माझा हात नुसता दाबला. एस.टी. वळणाआड गेली तरी मी नाक्यावर उभीच होते. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा हेवा वाटत नव्हता, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.