आप्पांच्या मांडीवरची बाई

नवी गाडी घेताना घरात भांडण होईल ते रंगावरून, असं मी धरून चाललो होतो. भांडण झालं नकाशावरून.

शोरूममधल्या टायवाल्यानं दोन गाड्या दाखवल्या. एकीत समोर ताटाएवढा स्क्रीन बसवलेला. त्यात नकाशा, आणि नकाशाच्या आत कुठंतरी एक बाई, जी मराठीत रस्ता सांगते. दुसरीत नुसता रेडिओ. "ह्यात नकाशा पाहिजे असेल तर काचेला मोबाईलचा स्टँड चिकटवा," तो नाक मुरडत म्हणाला, "पण साहेब, कंपनीचं ते कंपनीचं." बायकोला ताटाएवढा स्क्रीन बघताक्षणी आवडला. माझं अंबाजोगाईत भांड्यांचं दुकान आहे, ताटं मी रोजच बघतो. तरी मलाही तोच पाहिजे होता, आणि त्याचं कारण सांगायची मला आजही लाज वाटते.

मला रस्ते येत नाहीत. तीस वर्षं गाडी चालवतोय, पण दुकान ते घर सोडलं तर मी ठार आंधळा. दोष माझा नाही. शेजारच्या सीटवर कायम आप्पा, म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते भांड्यांचं गाठोडं घेऊन जिल्ह्यातले आठवडी बाजार करायचे, घाटनांदूरपासून पार उमापूरपर्यंत. रस्ता त्यांच्या अंगात होता. "डावीकडं घे बे," म्हणाले की मी डावीकडं घ्यायचो. कुठल्या गावाहून कुठं आलो, हे घरी आल्यावर बायकोनं विचारलं तर मी आप्पांकडं बघायचो.

त्यांची रस्ता सांगायची तऱ्हा वेगळी. "ती दोन लिंबं दिसली का? तिथून सरळ. मग चिंच लागंल. चिंचंला वळायचं न्हाई, तिच्या म्होरल्या हिरीला वळायचं." गावाची पाटी त्यांनी जन्मात वाचली नाही. पाटी कुणीबी उचलून कुठंबी लावतो, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांखाली आम्ही उमापूरला निघालो होतो. तिथं आप्पांची थोरली बहीण असते, माझी आत्या. आप्पा तिला अक्का म्हणतात. त्याच काळात रस्ता रुंद झाला आणि आप्पांची लिंबं गेली, चिंच गेली, हिरीवरून पूल गेला. बीडच्या बाहेर आम्ही चार तास गोल गोल फिरलो. तिसऱ्या वेळी टोलनाक्यावरच्या माणसानं ओळखीचा रामराम घातला, आणि माझं डोकं फिरलं. "आप्पा, येत नसंल तर न्हाई म्हणा की! कावून उगंच फिरवताव?" असं मी ओरडलो. आप्पांनी हातानंच गाडी मागं वळवायची खूण केली. आम्ही अक्काला न भेटताच परत आलो.

त्यानंतर ते गाडीत बसले नाहीत. लग्न असो, मयत असो, "तुमी जा, मी घरी हाय." गाडी जुनी झाली, विकली, तरी मला ते टोलनाक्यावरचं माझं बोलणं विसरता आलं नाही. मधल्या काळात अक्का पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिनं बाज धरली. पंच्याऐंशीची बाई. उन्हाळा लागला की तिचा फोन, "रसाला येतोस का न्हाई? का मी गेल्यावर तेराव्याला येतोस?" आप्पा फोन ठेवून दिवसभर ओसरीत येरझाऱ्या घालायचे. तेव्हा ही गाडी घ्यायची ती मिरवायला नाही, आप्पांना अक्काकडं न्यायला, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आप्पांनी अट घातली. "मी म्होरं बसणार. आन् त्या बाईनं वाट दावायची आसंल तर मी घरीच बरा. एका गाडीत वाट दावणारे दोघंदोघं कशाला?"

आता आली का पंचाईत! बाईशिवाय मी पोचत नाही, आणि बाई असली तर आप्पा येत नाहीत.

"निदान बसून तर बघा," म्हणून त्यांना शोरूमला नेलं. टायवाल्यानं ताटाएवढ्या स्क्रीनची गाडी चालवून बघायला बाहेर काढली. आप्पांचा नेम असा, की नव्या वाहनाला भस्म लावल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. आणि वाहनाला भस्म लावायचं म्हणजे त्याच्या कपाळाला. त्यांनी गाडीत वाकून बघितलं. सगळ्यात चकचकीत जागा कोणती? स्क्रीन. त्यांनी खिशातली डबी काढली, तीन बोटं भस्मात बुडवली आणि स्क्रीनवर डावीकडून उजवीकडं पट्टे ओढले. नकाशा सरकला. पट्टे पुसट वाटले म्हणून पुन्हा ओढले. नकाशा पुणं ओलांडून गेला. तिसऱ्यांदा ओढले, समुद्र आला. मग मधोमध कुंकवाचा ठिपका, अंगठ्यानं चांगला दाबून. तो नेमका कोकणातल्या कुठल्याशा बंदरावर बसला, आणि बाई जागी झाली. "प्रवास सुरू करत आहोत," म्हणाली.

"आप्पा, हे काय केलंत!" टायवाला रुमालानं स्क्रीन पुसायला लागला. पुसला तसा नकाशा आणखी पळाला. गाडी रस्त्यावर आली तरी बाईचा एकच धोशा, "यू-टर्न घ्या. यू-टर्न घ्या." मागच्या सीटवर आप्पा पहिल्या चौकापर्यंत ऐकून घेत होते. मग म्हणाले, "हिला घरी जायचं आसंल. सोड बिचारीला." मला एवढं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. टायवाला तेवढा हसला नाही.

मी रेडिओवाली गाडी घेतली. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, "तुमी बापलेक एकदाचे कोकणात जा." मी लेकीचा जुना मोबाईल मागून घेतला, काचेला चिकटायचा स्टँड आणला. आप्पांनी परवानगी दिली, पण कशी? "बाईचा आवाज बारीक ठेव. आन् मी बोलत आसताना तिनं मधी बोलायचं न्हाई." मी म्हणालो, बरं.

गाडीच्या पूजेला आप्पांनी या खेपेला गाडीचं कपाळ म्हणजे पुढची काच धरली. आतून, बाहेरून, सढळ हातानं भस्म. मी फडकं घेऊन गेलो तर डोळे वटारले. त्या भस्मावरच मी स्टँड चिकटवला. चिकटला म्हणजे काय, लोंबला.

सकाळी निघालो. मागं बायको, तिच्या मांडीवर डबा. पुढं आप्पा, धोतर-टोपीत, ताठ. दोन वर्षांनी त्यांना त्या सीटवर बघून मला लई बरं वाटलं, पण तसं म्हणालो नाही. मांजरसुंब्याच्या आधी एका स्पीडब्रेकरवर गाडी आदळली आणि स्टँडनं जीव सोडला. मोबाईल थेट आप्पांच्या मांडीवर. मी गाडी थांबवायला लागलो.

"ऱ्हाऊ दे. धरतो मी," आप्पा म्हणाले.

आता गंमत बघा. आप्पांना जवळचं दिसत नाही, दूरचं लख्ख दिसतं, आणि कान तर मांजराचे. मांडीवरची बाई बारीक आवाजात म्हणायची, "पाचशे मीटर नंतर डावीकडे वळा." आप्पा जरा थांबायचे, खाकरायचे आणि सांगायचे, "म्होरं डावीकडं घ्यायचंय. ध्यान हाय का?" बाई म्हणायची, "चौकातून दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडा." आप्पा म्हणायचे, "चक्कर मारून दुसऱ्या फाट्याला लाग. तुला कवाच सांगितलंय." एकदा मी वळण चुकलो, बाईनं निमूट दुसरा रस्ता काढला. आप्पांनी मात्र मला शेलक्या शिव्या घातल्या. आरशात बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मीही मनातल्या मनात हसत होतो. म्हाताऱ्याला वाटतंय आपणच रस्ता दाखवतोय, वाटू दे, काय बिघडतं, असा मोठेपणा माझ्या अंगात आला होता.

गेवराई मागं पडली. तिकडच्या रस्त्याला अजून रुंदीकरण पोचलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंना झाडं तशीच उभी. आप्पा आता न खाकरता सांगत होते, "ह्या शाळंपसून डावीकडं. हळू, खड्डा हाय. त्या पिंपळापसून उजवीकडं." मी बिनघोर घेत गेलो.

अक्काची बाज दारातच टाकली होती. "कावून उशीर केलास रे? रस आंबट व्हायला आला," ती म्हणाली, आणि आप्पांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपायला लागली. आप्पा तिच्या उशाशी बसले. दोघंही रडत होते आणि दोघंही एकमेकांना रडू नको म्हणून दटावत होते. मी काहीतरी काम काढायचं तसं गाडीतला मोबाईल आणायला गेलो.

मोबाईल सीटवर पडला होता, काळा ठिक्कर. चार्जिंगची वायर निघून खाली लोंबत होती. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही.

मी तसाच आप्पांकडं आलो. "आप्पा, ही बाई कवा बंद पडली?"

"गेवराईच्या आलीकडंच."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तू भ्याला आसतास," आप्पा म्हणाले. "मागल्या टायमाला टोलनाक्यावर आसाच भ्यालतास. लोकांला वाटलं पोरगं बापावर चिडलंय."

आप्पांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं आणि रसाची वाटी पुढं ओढली.

"जा, त्या बाईला पोटभर चार्ज करून आण," ते म्हणाले. "परतीच्या वाटंला तूच बग तिच्यासंगं. मी रस खाऊन झोपणार हाय."