ताईबाईचं काय ठरलं

आमच्या शेजारची ताईबाई तोंडाची फटकळ आहे, असं कारेगावात सगळे म्हणत. साफ खोटं. ती फटकळ असती तर एवढं मुकाट्यानं सोसलंच नसतं. नवरा लवकर गेला. शिरूरच्या मार्केट यार्डात कांदे निवडून तिनं नागसेनला आयटीआय केलं. रांजणगावच्या एमआयडीसीत तो पर्मनंट झाला तेव्हा आळीभर जिलेबी वाटली. मग दौंडची सीमा सून म्हणून आली. वडील रेल्वेत, मुलगी शिकलेली, शांत. ताईबाईला पोटची लेक नव्हती, ती हौस सुनेत फिटली.

नवरा-बायकोचं मात्र जमलं नाही. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरची भानगड नाही. नुसतं बोलणं तुटलं. कशावरून, ते त्या दोघांनाही आठवत नसावं. पुढची दोन वर्षं त्या दोन खोल्यांत सगळा कारभार ताईबाईच्या तोंडून चालला. सीमा म्हणायची, "त्यांना विचारा, डबा भरू का." नागसेन तिथंच बूट घालत बसलेला. तरी ताईबाई विचारायची, "नागा, डबा भरू का म्हणती." तो म्हणायचा, "भर म्हणावं." सकाळ-संध्याकाळ हेच. मला बघवेना, एकदा मी तिच्यावर चिडले. तर म्हणते कशी, "माझ्या तोंडून का हुईना, बोलत्यात न्हवं?"

२००५च्या उन्हाळ्यात सीमा माहेरी गेली आणि तिकडून तिनं घटस्फोट मागितला. नागसेननं हो म्हणून टाकलं. तिच्या बाजूनं शिरूरचे मारुतराव वकील, याच्या बाजूनं एक वकीलबाई. दोघा वकिलांनी आधीच अट घातली. कोर्टात भांडायचं नाही, चौघांनी एकत्र बसून सगळं ठरवायचं आणि मग दोघांच्या संमतीचा अर्ज करायचा. कुणी भांडायला कोर्टात गेलंच, तर दोन्ही वकील काम सोडणार. आणि बैठकीत नवरा-बायकोनं एकमेकांशीच बोलायचं, मध्ये कुणी नको.

म्हणून ताईबाई बाहेर. बैठका मारुतरावांच्या घरी होत, आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बाकावर बसायचो. पहिल्या दिवशी आधी वकिलांचेच आवाज येत होते. मग नागसेनचा आवाज आला, "शिलाई मशीन तू ने. तुझंच आहे ते." सीमा म्हणाली, "नेते. तुमचा स्वेटर माझ्या पेटीत राहिलाय, तो पाठवते."

ताईबाईनं माझा हात गच्च धरला. "बोलत्यात गं," म्हणाली, आणि रडायलाच लागली.

पुढच्या बैठकीत त्यानं तिच्या खोकल्याची चौकशी केली. त्याच्या पुढच्या बैठकीत सीमा कशाला तरी हसली. घरी आल्यावर ताईबाईनं गोधड्या धुवायला काढल्या. मी म्हटलं, "अगं, ते सुटायचं ठरवतायत."

"ठरवू दे. एकदा तोंड उघडलं ना, आता थांबत न्हाईत ती. येती बघ माघारी."

शेवटच्या बैठकीला आम्हालाही आत बोलावलं. सगळं ठरलं होतं. दागिने, भांडी, मशीन सीमाकडं. तिला नर्सिंगचा कोर्स करायचा होता, त्याला नागसेन हातभार लावणार. कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत. नागसेननं सही करून पेन तिच्यापुढं धरलं. ती "थँक्यू" म्हणाली. मला असल्या शहाणपणाची चीड आली. हेच दोन वर्षांपूर्वी कडाकडा भांडले असते तर काय बिघडलं असतं?

ताईबाई त्या सह्यांकडं बघत राहिली. तिला तेव्हा कळलं. माझ्या डोळ्यांदेखत बाई म्हातारी झाली.

मारुतराव भला माणूस. त्यांनी विचारलं, "ताईबाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"समद्यांचं ठरलं. माझं काय ठरलं?"

"म्हणजे?"

"आमच्यात सासूला आत्या म्हणत्यात. हिनं पहिल्या दिवसापासनं मला आई म्हटलं. आता म्हणायचं का न्हाई? तेवढं सांगा."

मारुतरावांनी चष्मा काढला. वकीलबाई कागद आवरू लागल्या. शेवटी सीमाच बोलली, खालच्या आवाजात. "ते मला नका विचारू. तुम्हाला आई म्हणत राहिले तर माझा पाय निघायचा नाही. दोन वर्षं तेवढ्यासाठीच राहिले मी त्या घरात."

ताईबाई तिच्याजवळ गेली. तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"मग नगं म्हणू, बाळा," ती म्हणाली. "जा तू."

तरी सीमाचा पाय हलेना. तेव्हा ताईबाईनंच तिच्याकडं पाठ केली आणि ती आधी बाहेर पडली.