अर्ध्या गोळ्या

ताई गेली त्याला आता महिना होत आला. जामसंड्याला आमच्या दारात तिचा जावई येऊन उभा राहिला, तेव्हाच मी समजले. सुमती माझी थोरली बहीण. मालवणच्या बाजारात मासे विकून तिनं मला मास्तरीण होईपर्यंत शिकवलं.

भावोजींना क्षय झाला, तेव्हा त्यावरच्या सुया मुंबईहून विकत आणाव्या लागत. ताईनं रापणीच्या जाळ्यातला आपला वाटा विकला, मग अंगावरचं सोनं. सोनं संपलं तिथं सुयाही थांबल्या आणि त्या पावसाळ्यात भावोजी गेले... पुढं काही वर्षांनी ताईलाच खोकल्यातून रक्त पडलं. विकायला काही उरलं नाही म्हणून ती दवाखान्यात यायला तयार नव्हती. मी ओढतच नेलं. डॉक्टरांनी गोळ्या तिच्यापुढं ठेवल्या.

"याचा खर्च आता सरकार करतं. तुम्ही फक्त न चुकवता घ्यायच्या."

बाहेर आल्यावर तिनं पुडी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "ह्यो तेव्हा खंय होत्यो गो?"

गोळ्या लागू पडल्या. अंगावर मांस आलं, ती पुन्हा बाजारात बसू लागली. आणि अचानक परत खंगत चालली. थुंकी तपासून डॉक्टर चक्रावले. त्यांनी खोदून विचारल्यावर ताईनं खाली मान घालून सांगितलं. तिच्या लेकीला, शालूलाही खोकला लागला होता. शालूचं लग्न ठरलेलं. दवाखान्यात नाव लागलं की गावभर होणार, म्हणून ताई तिला तिथं नेईना. स्वतःच्या गोळ्यांतल्या अर्ध्या तिला देत होती.

"नाव चढला तर लगीन मोडतला," ती मला म्हणाली. "मी वायच कमी खाल्लंय, तर काय झाला?"

झालं ते डॉक्टरांनी समजावलं. अर्ध्या औषधानं तिचा रोग मेला नव्हता, त्या औषधाला सरावला होता. शालूला मात्र अजून गुण येण्यासारखा होता. तिचं नाव लागलं, तिला पुरेशा गोळ्या आणि सुया सरकारातून मिळाल्या, आणि ती बरी झाली. ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच. पुढं देवगडकडचा एक मुलगा सगळं ऐकून तिला करून घेऊन गेला.

ताईसाठी दुसरी औषधं होती, पण ती सरकारी पुरवठ्यात नव्हती. मुंबईहून विकतच आणावी लागणार होती. मी माझ्या बांगड्या काढल्या, तर तिनं माझा हात धरला.

"आता काय इकूचा नाय. एकदा इकून बघितलंय मी."

मी वाद घातला, रडले. ती हलली नाही. शेवटची दोन वर्षं ती मागच्या पडवीत वेगळी राहिली, ताट-तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. कुणाशी बोलायचं झालं की तोंडावर पदर घेऊन मान भिंतीकडं वळवायची. नातू झाला, त्यालाही तिनं लांबूनच पाहिलं.

बाराव्याला मी शालूकडं होते. ती कधीच बरी झाली आहे, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. मांडीवरचं पोर तिच्या चेहऱ्याला हात लावत होतं, आणि ती त्याच्याशी लाडानं बोलत होती... तोंडावर पदर घेऊन, मान भिंतीकडं वळवून.